लठ्ठपणा ‘समाजातच असतो’ का? बाल्टिमोरच्या वस्तीपासून आपल्या नागपूरच्या इंदोऱ्यापर्यंत

तुझा प्रश्न दोनदा वाचला. तू एमएसडब्ल्यूच्या (समाजकार्याच्या पदव्युत्तर अभ्यासाच्या) दुसऱ्या वर्षाला आहेस, शहरी वस्त्यांमधला लठ्ठपणा हा प्रोजेक्ट घेतलाय, वाचता वाचता अमेरिकेचा एक तक्ता सापडला ज्यात काळ्या लोकांमध्ये लठ्ठपणा सगळ्यात जास्त, त्यानंतर हिस्पॅनिक (स्पॅनिश बोलणाऱ्या देशांतून आलेले), मग गोरे, अन् आशियाई एकदम खाली. अन् त्याच आठवड्यात आईला घेऊन दवाखान्यात गेलीस तर तिथले डॉक्टर रिपोर्ट न उलगडता म्हणाले, "तुमच्या समाजात हे असतंच, जीन्समध्येच आहे, खाणं कमी करा." आता तू विचारतेस की हे खरंच रक्तात असतं का, अन् असेल तर वस्त्या फिरून प्रोजेक्ट करण्यात अर्थ काय.

मी आहारतज्ज्ञ आहे, नागपुरात २३ वर्षं झाली. आठवड्यातले चार दिवस पश्चिमेकडच्या सुखवस्तू धरमपेठेत बसते, दोन दिवस उत्तर नागपुरात एका ट्रस्टच्या ओपीडीत. एकाच शहराच्या दोन टोकांची माणसं सकाळ-संध्याकाळ बघते म्हणून या विषयावर मला बोलायचंच आहे, थोडं लांबेल. तुझ्या आईला जे ऐकावं लागलं ते मी इतक्या बायांकडून ऐकलंय की आता राग येतो. कोणाला सांगतात "तुम्हा सिंधी लोकांत शुगर असतेच", कोणाला "कोष्ट्यांचं सावजी सुटत नाही" (सावजी म्हणजे विणकर कोष्टी लोकांचा तिखट, तेलकट रस्सा), मोमिनपुऱ्यातून आलेल्या बाईला बिर्याणीचं, बुद्ध विहाराजवळ राहणाऱ्या बाईला "तुमच्या लोकांत". प्रत्येक समाजाचं नाव घेऊन एकच उत्तर देता येत असेल तर त्या उत्तरात काही माहिती आहे का, तूच सांग.

आधी तुझा तक्ता बघू, कारण त्यातच अर्धं उत्तर आहे. अमेरिकेच्या सरकारी सर्व्हेमध्ये २०१७ ते मार्च २०२० या काळात प्रौढांमधला लठ्ठपणा ४१.९ टक्के निघाला. काळ्या लोकांत ४९.९, हिस्पॅनिकमध्ये ४५.६, गोऱ्यांत ४१.४, आशियाई लोकांत १६.१. इथे लठ्ठ म्हणजे बीएमआय (किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागून येतो तो आकडा) ३० किंवा त्याच्या वर. पण याच सर्व्हेचे २०१७-१८ चे आकडे बाया आणि माणसं, म्हणजे पुरुष, वेगळे करून बघ. काळ्या बायांमध्ये ५६.९ टक्के, गोऱ्या बायांमध्ये ३९.८, म्हणजे १७ टक्क्यांचा फरक. अन् माणसांत? काळ्या माणसांत ४१.१, गोऱ्या माणसांत ४४.७. माणसांत काळ्यांचं प्रमाण उलट थोडं कमीच. आता गोष्ट रक्तातली असती तर एकाच आईबापाच्या पोटी आलेल्या बहिणीत उतरली अन् भावात नाही असं झालं असतं का? बहीण-भाऊ वेगळं जगतात, वेगळी कामं करतात, ताण वेगळा, बाळंतपण एकीच्याच वाट्याला, घरच्यांसाठी शिजवून शेवटी उरलेलं खाणं पण एकीच्याच वाट्याला.

जीन्सचा काहीच हात नाही असं मी म्हणत नाहीये, तो आहे. एफटीओ नावाचा जीन २००७ साली सापडला, ज्यांच्याकडे त्याच्या विशिष्ट प्रकाराच्या दोन्ही कॉप्या असतात त्यांचं वजन सरासरी ३ किलोने जास्त भरतं. पण हा प्रकार जगातल्या सगळ्या समाजांत कमीजास्त सापडतो, अन् हालचाल असणाऱ्यांमध्ये त्याचा परिणाम कमी होतो हेही दिसलंय. ३ किलो. तुझ्या तक्त्यातली दरी ३ किलोने भरत नाही.

नागपूरकराला जीनचा आजार काय असतो ते वेगळं समजवावं लागत नाही, आपल्याकडे सिकलसेल आहे, ज्यात रक्तातल्या लाल पेशी विळ्यासारख्या वाकतात. एक जीन, त्यात एक बदल, आईबाप दोघेही वाहक (बदललेली एकच कॉपी असलेले, स्वतः आजारी नसलेले) असतील तर प्रत्येक मुलाला चारात एक धोका, मग तू धरमपेठेत राहा की उत्तर नागपुरात टेका नाक्याला. विदर्भात काही अनुसूचित जाती-जमातींमध्ये आणि ओबीसी समाजांमध्ये हा पिढ्यानपिढ्या आहे, त्याला समाजानुसार तपासणं बरोबरच आहे. पण वजनाचं तसं नाही. शेकडो जीन्स, प्रत्येकाचा वाटा थोडाथोडा, आणि ते सगळे वागतात कसे हे ताटावर, झोपेवर, कामावर ठरतं. लोक सिकलसेल बघून वजनालाही तोच हिशोब लावतात, तिथे चूक होते.

याचं माझं सगळ्यात आवडतं उदाहरण पिमा लोकांचं आहे, तुझ्या प्रोजेक्टमध्ये नक्की घे. अमेरिकेच्या ॲरिझोनात गिला नदीकाठी ही आदिवासी जमात राहते, अन् त्यांचेच भाऊबंद सीमेपलीकडे मेक्सिकोच्या डोंगरात मायकोबा गावात राहतात. ॲरिझोनातले पिमा डायबेटीससाठी जगात बदनाम, सगळे म्हणत यांच्या जीन्समध्येच आहे. २००६ साली दोन्हीकडची तुलना छापून आली, ॲरिझोनात डायबेटीस ३८ टक्के अन् मेक्सिकोतल्या पिमांमध्ये ६.९ टक्के, वजनातही तसाच मोठा फरक. डोंगरातले पिमा अजून शेतात राबत होते, मका-राजमा खात होते. अन् गिला नदीचं काय झालं तर एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी वरच्या बाजूला बाहेरून येऊन वसलेल्यांनी पाणी वळवून घेतलं, पिमांची शेती सुकली, मग सरकारी मदतीचा मैदा अन् चरबी यावर पोट आलं. नदी गेली तिथून वजन सुरू झालं. आपल्या भागात जंगल गेलं, मोहफुलं, तरोटा, अंबाडी ताटातून गेली अन् रेशनचा तांदूळ आला, हे तू गोंड घरांमध्ये बसून ऐकशील तेव्हा पिमांची आठवण ठेव.

आता शहरं. १९३३ मध्ये अमेरिकन सरकारने घरकर्जासाठी एक महामंडळ काढलं, त्यांनी दोनशेहून जास्त शहरांचे नकाशे रंगवले, चांगली वस्ती हिरवी, मग निळी, मग पिवळी, अन् जिथे कर्ज देणं धोक्याचं ती लाल. काळ्या लोकांच्या वस्त्या बहुतेक लालमध्ये. कर्ज नाही म्हणून घराची डागडुजी नाही, दुकानं नाहीत, बागा नाहीत. घर विकताना-भाड्याने देताना वंश बघायला कायद्याने बंदी आली ती १९६८ मध्ये, पण वस्ती काही कायद्याने दुसऱ्या दिवशी बदलत नाही. पिढ्या त्याच गल्लीत राहिल्या, तिथे ताजी भाजी लांब अन् तळलेलं कोपऱ्यावर.

मग प्रश्न येतो की गोरी बाई त्याच गल्लीत राहिली तर? हेच अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहराच्या नैऋत्य भागात बघितलं गेलं, जिथे काळे-गोरे एकाच वस्तीत, सारख्याच कमाईत राहतात. देशभराच्या आकड्यांत काळ्या बाईला लठ्ठपणाची शक्यता गोऱ्या बाईच्या दुप्पट निघते, अन् या वस्तीत दोघींमध्ये म्हणण्यासारखा फरकच उरला नाही. अजून एक आहे, ते तर मी सगळ्यांना सांगत असते. १९९४ ते १९९८ मध्ये अमेरिकेतल्याच पाच शहरांतल्या सरकारी चाळींमधल्या ४,४९८ कुटुंबांतून चिठ्ठ्या टाकून काहींना सांगितलं की कमी गरिबीच्या वस्तीत घर घ्या, भाड्याला मदत देऊ. कुटुंबं बहुतेक काळी आणि हिस्पॅनिक, बाई अन् तिची मुलं. जवळपास निम्म्याच बाया प्रत्यक्षात हलल्या. तरी १०-१५ वर्षांनी मोजलं तेव्हा ज्यांना ही संधी मिळाली त्या गटात बीएमआय ३५ च्या वरच्या बाया शंभरामागे साडेचारहून जास्त कमी, अन् डायबेटीसच्या पातळीची शुगर असणाऱ्या शंभरामागे सव्वाचारहून जास्त कमी. कोणाला डाएट चार्ट दिला नव्हता, कोणाला जीम लावून दिली नव्हती, फक्त पत्ता बदलला होता. मी आहारतज्ज्ञ असून सांगते की इतका परिणाम माझ्या चार्टने इतकी वर्षं टिकलेला मी क्वचित बघितलाय.

सगळं पैशावर पण ढकलू नकोस हं. अमेरिकेत काळ्या पुरुषांमध्ये कमाई वाढते तसा लठ्ठपणा वाढताना दिसतो, म्हणजे हे गरीब-श्रीमंत इतकं सरळ नाही. रोजच्या अपमानाचा, सतत सावध राहण्याचा ताण शरीरावर उमटतो, त्याने झोप मोडते, भूक बदलते, पोटावर चरबी धरते. आपल्याकडे हे वेगळं सांगायला नको.

आता तक्त्यातली आशियाई लोकांची ओळ, १६.१ टक्के. ही वाचून आपण सुखरूप आहोत असं वाटतं, तसं अजिबात नाही, कारण इथे मापच आपलं नाही. बीएमआयचं सूत्र बेल्जियमच्या केटले नावाच्या गणितज्ञाने १८३२ मध्ये युरोपातल्या माणसांवरून काढलं, ते तुझ्या आजीसाठी शिवलेलं नव्हतं. आपल्या अंगात त्याच बीएमआयला स्नायू कमी अन् चरबी जास्त असते, अन् तीही पोटात. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. याज्ञिक आणि लंडनचे डॉ. युडकिन या दोघांनी २००४ साली आपलेच फोटो छापले होते, दोघांचा बीएमआय सेम २२.३, पण युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के अन् याज्ञिक यांच्या अंगात २१.२. मी प्रत्येक नव्या विद्यार्थिनीला हे सांगते. म्हणूनच आपल्यासाठी बीएमआय २३ च्या पुढे जादा वजन अन् २५ पासून लठ्ठपणा धरतात, कंबर बाईची ८० सेंटीमीटर, माणसाची ९०. इंग्लंडमध्ये २०२१ मध्ये हिशोब झाला की गोऱ्या माणसाला बीएमआय ३० ला डायबेटीसचा जो धोका तोच दक्षिण आशियाई माणसाला २३.९ लाच, काळ्या माणसाला २८.१ ला. म्हणजे तुझ्या तक्त्याने आशियाई लोकांना ३० च्या फूटपट्टीने मोजून १६ टक्के काढले, आपल्या फूटपट्टीने ते कितीतरी वर जातात.

तू म्हणशील मग हा तर वंशच झाला ना! थोडा आहे, मान्य. पण डॉ. याज्ञिकांच्याच टीमने १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांमध्ये गरोदर बायांचा अभ्यास केला. त्या बायांचं वजन सरासरी ४२ किलोच्या आसपास, अर्ध्या उपाशी अन् शेतात काम. त्यांची बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडच्या साउथॅम्प्टनमधली साडेतीन किलोची. पुण्याची बाळं सगळीकडून बारीक, पण कातडीखालची चरबी मात्र त्या मानाने टिकलेली. आईच्या पोटात कमी मिळालं तर बाळाचं शरीर स्नायू सोडतं अन् चरबी धरून ठेवतं, पुढे ते मूल शहरात येऊन पोटभर खायला लागलं की तीच चरबी आधी पोटावर दिसते. म्हणजे ज्याला आपण ‘खानदानी’ म्हणतो त्यात आजीची उपासमार पण धर. ज्या समाजांना पिढ्यानपिढ्या पोटभर मिळू दिलं नाही त्यांच्या नातवंडांच्या कंबरेवर हा हिशोब निघतो, अन् मग त्यांनाच म्हणायचं की तुमच्यात असतंच. हे मला सहन होत नाही.

नागपूरवर येते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय सर्व्हेत शहरी भारतातल्या ३३.२ टक्के बायांचा बीएमआय २५ किंवा वर निघाला, खेड्यात १९.७. महाराष्ट्रात एकूण २३.४ टक्के बाया जाड अन् त्याच राज्यात २०.८ टक्के बाया गरजेपेक्षा हडकुळ्या. दोन्ही एकाच वस्तीत, कधीकधी एकाच घरात असतात, सासू ७० किलो अन् सून ३८. समाजानुसार बघितलं तर आपल्याकडे चित्र अमेरिकेच्या उलट दिसतं, आदिवासी बायांमध्ये प्रमाण सगळ्यात कमी अन् श्रीमंत घरांमध्ये सगळ्यात जास्त. पण हे असंच राहणार नाही. आयसीएमआरचा (भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचा) डायबेटीसचा मोठा अभ्यास आहे, त्यातल्या १५ राज्यांचे आकडे २०१७ ला आले तेव्हाच दिसलं होतं की जास्त विकसित राज्यांच्या शहरांमध्ये डायबेटीस गरिबांकडे सरकतोय, चंदीगड शहरात तर कमी उत्पन्नाच्या लोकांत २६.९ टक्के अन् चांगल्या उत्पन्नाच्या लोकांत त्याच्या निम्म्यासारखा. धरमपेठेतले माझे पेशंट आता अंबाझरीला सकाळी फिरतात, ज्वारीचं पीठ शोधून आणतात, मुलाला पोहायला घालतात. उत्तर नागपुरात मला ३०-३२ वर्षांच्या बाया शुगर घेऊन येताना दिसतात, दहा वर्षांआधी त्या चाळिशीत यायच्या.

तुझ्या आईसारखीच घरोघरी पोळ्या लाटणारी एक बाई परवा आली होती. सिव्हिल लाइन्समध्ये तीन घरी जाते. मी विचारलं चालणं किती होतं, तर म्हणाली, "म्याडम, मी तं दिवसभर उभीच राह्यतो, बसाले टाइमच कुठं भेटते." बरोबर आहे तिचं, पण उभं राहणं अन् चालणं यात फरक आहे, ओट्यासमोर तीन तास उभं राहून पाय सुजतात, दम लागत नाही. आधी ती चालत जायची, आता शेअर ऑटोने जाते कारण दोनाच्या जागी तीन घरं झाली. मग मी दिवस लिहायला घेतला. नळ पहाटे ४ ला येतो म्हणून उठणं, रात्री झोप ११ ला, म्हणजे पाच तास. उठल्यावर चहा अन् दोन टोस्ट. पहिल्या घरी चहा. दुसऱ्या घरी चहा, सोबत आदल्या दिवशीच्या पार्टीचं उरलेलं, कधी गुलाबजाम, कधी पनीर. तिसऱ्या घरी पुन्हा चहा. मी चमचा तिच्या हातात दिला अन् म्हटलं साखर काढून दाखव, तिने शीग भरून दोन चमचे एका कपाचे काढले. काट्यावर ठेवले तर ११ ग्रॅम. चार कप म्हणजे ४४. जागतिक आरोग्य संघटना म्हणते वरून घातलेली साखर शक्यतो २५ ग्रॅमच्या आत ठेवा. ती बघतच राहिली, म्हणाली "मी तं गोड खातच नाई." खोटं बोलत नव्हती ती, चहाला कोणी गोडात धरतच नाही.

मग तेल. मी कधीच विचारत नाही की भाजीत किती चमचे घालता, कारण आपल्याकडे कढईत तेल धारेने पडतं, चमच्याने नाही. मी विचारते महिन्याला किती पाकिटं. तिच्या घरी माणसं चार, तेल पाच किलो. माणशी सव्वा किलो म्हणजे रोजचं ४० ग्रॅमच्या वर, बाहेरचा आलूबोंडा, समोसा, आलूपोंगा वेगळाच. मी सांगते माणशी महिन्याला ६०० ग्रॅमपर्यंत या, चार माणसांत अडीच किलो. एकदम नाही, दर महिन्याला अर्धा किलो कमी. अन् महिन्याच्या पहिल्या तारखेला तेवढंच तेल एका वेगळ्या डब्यात काढून ठेवायचं, डबा संपला की संपलं. हा डब्याचा उपाय मला कुठल्या पुस्तकाने नाही शिकवला, टेका नाक्याच्या एका आजीने शिकवलाय, त्या रॉकेलचं असंच करायच्या.

अन् जे सावजीला बोलतात त्यांच्यासाठी पण सांगून ठेवते. सावजी रस्सा कोष्टी घरांमध्ये रोज होत नाही, आठवड्यातून एखाद दिवशी होतो. जुनी माणसं खड्ड्यातल्या मागावर दिवसभर हात-पाय चालवायची, त्यावर तो रस्सा अन् ज्वारीची भाकर पचायची. माग गेले, यंत्रमाग आले, मग तेही कितीतरी बंद पडले, इकडे एम्प्रेस मिल अन् मॉडेल मिल पण बंद झाल्या, माणसं दुकानात, सिक्युरिटीत, ऑटोवर बसायला लागली. अंगमेहनत गेली, भाकर गेली, रस्सा तेवढा राहिला अन् दोष त्याला लागला. ज्वारीचं तसंच. आपल्या भागाचं मूळ धान्य ते, कण्या, आंबील, भाकर. रेशनवर गहू अन् तांदूळ येतात, ते फुकट, ज्वारी विकत घ्यायची अन् दळायचीही. पाच जणांच्या घरात कोणती भाकर होणार ते दुकानदार ठरवतो, समाज नाही.

फिरायला जा म्हणून सांगणं पण सोपं. नकाशा काढ अन् बघ, अंबाझरी, फुटाळा, तेलंगखेडी, सेमिनरी हिल्स, मोठी मोकळी जागा सगळी पश्चिमेला. उन्हाळ्यात आपल्याकडे पारा ४५ च्या वर जातो, बाईला बाहेर पडायला वेळ उरते पहाटेची नाही तर रात्रीची, अन् पहाटे नळ असतो, रात्री गल्लीत दिवा नसतो. मी इंदोऱ्याच्या आठ-दहा बायांना विहाराच्या हॉलमध्ये संध्याकाळी अर्धा तास भिंतीला धरून बैठका अन् पाण्याच्या बाटल्या उचलायला लावलं, गाणी लावून. एक वर्ष झालं, अजून चालू आहे. वजन कोणाचं दोन, कोणाचं चार किलो उतरलं, पण कंबर बऱ्याच जणींची कमी झाली.

आता तुझ्या आईचं. तू लिहिलंय उंची १५० सेंटीमीटर, वजन ६१, म्हणजे बीएमआय २७.१. परदेशी मापाने फक्त जादा वजन, आपल्या मापाने लठ्ठपणा, तेव्हा दुर्लक्ष नको. घरी टेपने कंबर मोज, शेवटची बरगडी अन् कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडल्यावर, साडीच्या निऱ्यांवरून नाही. ७५ च्या आत आली तर छान, म्हणजे उंचीच्या निम्म्यात. तीन महिन्यांची सरासरी शुगर (एचबीए१सी) ६.१ आहे, ५.७ ते ६.४ म्हणजे डायबेटीसच्या उंबरठ्यावर. पण तू अजून एक ओळ लिहिलीस ती त्या डॉक्टरांनी विचारायला हवी होती, मामाला सिकलसेल होता. सख्ख्या भावाला पूर्ण आजार, म्हणजे तुझे आजी-आजोबा दोघेही वाहक, म्हणजे आई वाहक असण्याची शक्यता तीनात दोन. अन् वाहक असेल तर तीन महिन्यांची शुगर खरीपेक्षा कमी दिसू शकते, अमेरिकेत काळ्या लोकांवर २०१७ ला आलेल्या अभ्यासात हा फरक सरासरी ०.३ चा होता. ६.१ च्या जागी ६.४ असणं ही लहान गोष्ट नाही. म्हणून आधी आईची सिकलसेलची पूर्ण तपासणी करून घे, नुसती सोल्युबिलिटी (ही फक्त प्राथमिक चाचणी) नको, इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी, ज्यात वाहक की रुग्ण ते कळतं, मेडिकल किंवा मेयो या सरकारी दवाखान्यांत विचार. अन् शुगर उपाशीपोटी व ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनी अशी करा. सोबत थायरॉइड, हिमोग्लोबिन, बीपी. तुझं स्वतःचं सिकलसेल झालं नसेल तर त्याच दिवशी तुझंही. बघ, समाज विचारायचाच होता तर तो इथे कामाचा होता, जिथे विचारला तिथे नाही.

खाण्यात पहिल्या महिन्यात तीनच गोष्टी कर. चहा दोन कप, अर्धा चमचा साखर. तेलाचा डबा. अन् सकाळी टोस्टच्या जागी मुठभर फुटाणे किंवा मोड आलेली मटकी, कांदा-सांबार (कोथिंबीर) टाकून. रात्रीचा भात बंद कर वगैरे काही सांगू नको तिला, दिवसभर दुसऱ्यांसाठी लाटून आलेली बाई घरी येऊन स्वतःसाठी भाकर थापणार नाही, भात निम्मा कर अन् वरण घट्ट कर. झोपेचं काही होत असेल तर बघ, नळाच्या पाळ्या घरात वाटून घ्या, आठवड्यातून तीन दिवस तू उठ. हे मी मनापासून सांगते, पाच तासांची झोप सात झाली की चहाची अन् गोडाची ओढ आपोआप कमी होते.

प्रोजेक्टसाठी फॉर्ममध्ये जात-धर्म जरूर विचार, लपवू नको, नाहीतर कोणाला काय वाट्याला येतंय ते दिसणारच नाही. पण त्याच फॉर्मवर लगेच खाली काम कोणतं अन् किती तास, कामावर जाणं चालत की ऑटोने, नळ किती वाजता येतो, झोप किती, महिन्याचं तेल, चहाचे कप अन् चमचे (चमचा बरोबर ने, दाखवून विचार), रेशनवर काय मिळतं, ज्वारी शेवटची कधी केली, घरात शेवटी कोण जेवतं, जवळची भाजी किती लांब, एवढं घे. लहानपणी किंवा आईच्या गरोदरपणात उपासमार होती का हे वयस्क बायांना हळू आवाजात विचार, सगळ्यांसमोर नको. वजनासोबत कंबर मोजच, टेप बाईनेच लावायचा अन् आडोसा करून. अन् एकाच समाजाची घरं दोन वेगळ्या वस्त्यांमधून घे, सिंधी घरं जरीपटक्यातली अन् पश्चिमेकडच्या फ्लॅटमधली, बौद्ध घरं इंदोऱ्यातली अन् बेसा-मनीषनगरकडे राहायला गेलेली. तशीच एकाच गल्लीत राहणारी वेगवेगळ्या समाजांची घरं पण घे. बाल्टिमोरमध्ये जे केलं ते तुला पायी फिरून नागपुरात करता येईल. ३०-४० घरं झाली की आकडे घेऊन ओपीडीत ये, मी मंगळवार-शुक्रवार दुपारी असते, आईलाही सोबत आण.